हाकेचा रकाना

विनीताचा मुलगा तिला काकी म्हणायचा. तिच्या पोटचा, लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला, देवळं पालथी घालून मिळवलेला मुलगा. आणि आये कुणाला म्हणायचा, तर तिच्या मोठ्या जावेला, रुक्मिणीला. मिठबावात याचं कुणाला नवल वाटत नाही. एकत्र घरात मोठी भावंडं ज्याला जे म्हणतात तेच धाकटं उचलतं. रुक्मिणीची सलोनी आपल्या आईला आये म्हणायची आणि विनीताला काकी, म्हणून स्वरूपही तसंच म्हणायला लागला. अर्ध्या गावात हेच आहे. पन्नाशी उलटलेले बाप्ये जन्मदात्या आईला वयनी म्हणून हाक मारतात आणि कुणाचं काही अडत नाही. विनीताचं अडायचं. रोज अडायचं.

त्याचं झालं असं की विनीता खालच्या वाडीतल्या अंगणवाडीची सेविका. बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपली तेव्हा पोराला ठेवायचं कुणाकडे? नवरा रविकांत आणि दीर हरिश्चंद्र दोघेही होडीवर. राहिली रुक्मिणी. तिने पोराला घेतलं ते घेतलंच. न्हाणलं तिने, भरवलं तिने, पहिलं पाऊल टाकलं तेही म्हणे तिच्याच पायाशी. विनीता तिकडे दिवसभर लोकांच्या पोरांची वजनं करतेय, उंची मोजतेय, मोबाइलवर माहिती भरतेय, आणि दुपारी घरी येऊन बघते तो स्वरूप रुक्मिणीच्या मांडीवर झोपलेला. हाक मारली तर एक डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा तिच्याच पदरात तोंड खुपसायचा. तीन वर्षांचा झाल्यावर तिने त्याला हाताला धरून आपल्याच अंगणवाडीत नेलं. म्हटलं, आता तरी माझा होईल. तिथे सगळी पोरं तिला बाई म्हणतात. दोन दिवसांत हाही बाई म्हणायला लागला.

घरी काकी, अंगणवाडीत बाई. आता सांगा, त्या बाईने करावं तरी काय?

रुक्मिणी वाईट असती तर फार सोपं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण ती पडली साधी, कमी बोलणारी, तोंडात साखर न ठेवताही गोड. तिला एकच गोष्ट येत होती, एका कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, आणि तीही दर वेळी वेगळी सांगायची, मध्येच विसरायची. विनीताकडे सरकारने दिलेली रंगीत गोष्टींची पन्नास कार्डं होती, प्रशिक्षण होतं, हातवाऱ्यांसकट सांगायची कला होती. स्वरूपला हवी असायची ती कुर्लीच. “आये, कुर्लेची सांग,” म्हणून तो रुक्मिणीच्या गळ्यात पडला की विनीता चुलीपाशी भांडी आदळायची. सासरा एकदा म्हणाला होता, सुनबाई, टोप फुटतलो. फुटू दे, असं तिला वाटलं होतं.

अशात नोव्हेंबरात रिशेल आली. ग्लोरिया टीचरची मुलगी. ग्लोरिया टीचरने विनीताला पाचवी ते सातवी शिकवलेलं, त्यामुळे त्या घराशी तिचा जुना घरोबा. रिशेल पुण्याला लहान मुलांच्या संगोपनावर अभ्यास करत होती. देशभर जी मोठी पाहणी होते, घरोघरी जाऊन सहा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेतात, तिचा डेटा तिने मिळवला होता. कसा मिळवला तेही तिने विनीताला सांगितलं. साइटवर नाव नोंदवायचं, कशासाठी हवा ते लिहून द्यायचं, अटींवर सही करायची, मग तीन आठवडे वाट बघत बसायचं. मग मेल येते आणि फाइल उतरवून घेता येते. तिने लॅपटॉप उघडून दाखवलं, तर नुसते आकडे. एक ओळ म्हणजे एक मूल. नाव नाही, गाव नाही, फक्त जिल्हा. पुढे एक, दोन, तीन, चार असे खुणेचे आकडे, आणि कुठला आकडा म्हणजे काय ते सांगणारी वेगळी वही.

त्यातली एक गोष्ट रिशेलला खात होती. प्रश्न असा होता की गेल्या तीन दिवसांत घरात मुलाला गोष्ट कोणी सांगितली, न्हाऊ कोणी घातलं, भरवलं कोणी, खेळायला कोणी घेतलं. उत्तरं ठरलेली: आई, वडील, घरातली इतर मोठी बाई, इतर पुरुष, कोणी नाही. सगळ्या राज्यात आई पुढे. सिंधुदुर्गाच्या ओळी वेगळ्या काढल्या की आई एकदम खाली आणि ‘इतर मोठी बाई’ डोक्यावर. पुढच्या महिन्यात जामसंड्याला तालुक्यातल्या अंगणवाडी सेविकांची बैठक होती, तिथे रिशेलला हे मांडायचं होतं. अंगणवाड्यांच्या मोठ्या साहेबांनी फोनवरच कारण ठरवून टाकलं होतं, की इथल्या आयांना जाणीव कमी आहे आणि दर शनिवारी त्यांचे जागृती वर्ग घ्यावेत. वर्ग घेणार कोण, तर अंगणवाडी सेविका.

विनीताने हे ऐकलं आणि आधी हसली, मग तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इथल्या बायकांना आई कसं व्हायचं ते ती शिकवणार होती म्हणे. पहाटे उठून मासळी विकायला जाणाऱ्या, पोराला कमरेवर घेऊन माडाचे झाप विणणाऱ्या बायका. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अडीच वर्षांपूर्वी ती पाहणी मिठबावातही झाली होती. टॅब घेऊन कोणी घाटावरची मुलगी आली होती आणि तिला घरं दाखवायला विनीताच हिंडली होती. दुपारची वेळ, आया बाजारात, घरी सगळीकडे आजी नाहीतर जाऊ. मुलगी विचारायची, गोष्ट कोण सांगतं? आजी म्हणायची, काकी. मुलगी टॅबवर बोट ठेवायची: इतर मोठी बाई. तिला बिचारीला काय कल्पना, की ही काकी म्हणजे त्या पोराची सख्खी आई!

तिने हे रिशेलला सांगितलं.  रिशेल स्वतः मिठबावातली, पण त्यांच्या घरात आईला मम्मी आणि आजीला ‘माय’ म्हणत, तिला हे सुचलंच नव्हतं. मग म्हणाली की हे खरं असेलही, पण फाइलीत फक्त खुणेचा आकडा आहे, बोललेला शब्द नाही. नुसत्या तर्कावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. पुन्हा तीस घरी जाऊन तेच प्रश्न, त्याच शब्दांत, विचारावे लागतील.

“आणि एक रकाना वाढव,” विनीता म्हणाली. “मूल आईला काय म्हणून हाक मारतं. उत्तरातला शब्द आणि ही हाक एकच निघाली, की ती आई. नाहीतर इतर.”

रिशेलने टेबलावर हात मारला. हा रकाना विनीताचा, असं ती बैठकीत नाव घेऊन सांगणार होती. विनीताला फार दिवसांनी आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

पण जाता जाता तिने हळूच विचारलंच. आमच्या घरीही ती मुलगी आली होती, मी तेव्हा पुढच्या घराला सांगायला गेले होते आणि उत्तरं आमच्या वयनीने, रुक्मिणीने दिली. ती ओळ काढून दाखव ना. मुलगा, पावणेदोन वर्षांचा, आई अंगणवाडीत, असे किती असणार जिल्ह्यात? त्या ओळीत आई म्हणून आपली नोंद आहे की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. चार वर्षं तिला दुसरं काय हवं होतं? कुणीतरी, कुठेतरी, कागदावर का होईना, ती त्याची आई आहे असं लिहावं.

रिशेलने लॅपटॉप मिटला. कुठली ओळ कुणाची हे शोधणार नाही, अशा अटीवरच तिने सही केली होती. “ताय, ता माका करूचा नाय,” एवढंच म्हणाली.

गावाच्या यादीतून ठराविक अंतराने घरं निवडली. रिशेल विचारायची, विनीता लिहायची. पहिल्याच दिवशी यमुनाबाईचं घर लागलं. म्हातारी अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालत होती. नातवाला गोष्टी कोण सांगतं असं विचारलं तर म्हणाली, “काकी सांगता. आणि कोण सांगतला?” आणि ही काकी म्हणजे कोण, असं विचारल्यावर तिने दोघींकडे असं बघितलं, जशा काही या आत्ताच होडीतून उतरल्या. “तेची आवस गो,” ती म्हणाली. “तुमका म्हायत नाय?”

विनीताने नव्या रकान्यात ‘काकी’ लिहिलं आणि ‘इतर’वरची खूण ‘आई’वर आणली. असं घरामागून घर. कुठे काकी, कुठे वयनी, कुठे नुसतं बाय. खूण सरकत होती आणि एकेक आई आपल्या जागी येऊन बसत होती. विनीताला दर वेळी बरं वाटायचं आणि दर वेळी आतून एक कळ यायची. सगळ्यांना मिळतंय. पान तिच्या हातात, पेन तिच्या हातात, रकाना तिच्या डोक्यातला, आणि मिळतंय सगळ्यांना.

बाविसावं घर तिचं आलं. रिशेल म्हणाली, वगळू या, पुढचं घेऊ. विनीता म्हणाली, नको, यादीत आलं तर आलं. खरं कारण वेगळंच होतं. रुक्मिणी काय बोलते ते तिला आपल्या कानाने ऐकायचं होतं. रिशेलने कागद आपल्याकडे घेतला आणि विनीताला बजावलं की मध्ये बोलायचं नाही.

रुक्मिणी मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसली होती. स्वरूप तिच्या पाठीला टेकून काहीतरी मोडत होता. रिशेलने कागदावर होतं तसंच विचारलं. गोष्ट कोणी सांगितली? “आयेन,” रुक्मिणी म्हणाली. इथल्या सगळ्यांसारखीच तीही पोराच्या शब्दांत बोलत होती. न्हाऊ कोणी घातलं? आयेन. भरवलं कोणी? आयेन. विनीता खांबाला टेकून ऐकत होती. तर मग अडीच वर्षांपूर्वीही हिने असंच सांगितलं असणार, आणि त्या घाटावरच्या मुलीने ‘आई’वर बोट ठेवलं असणार. म्हणजे त्या फाइलीत, त्या हजारो ओळींत, विनीताच आई होती. गावातल्या खऱ्या आया इतर ठरल्या आणि ही एकटी, काहीही न करता, आई. तिला हसावं की रडावं कळेना.

मग रिशेल शेवटच्या, हाकेच्या रकान्यापाशी आली. झिल आवशीक काय म्हणान हाक मारता, तिने विचारलं.

रुक्मिणीचा कोयतीवरचा हात थांबला. तिने विनीताकडे बघितलं. साधी असली तरी खुळी नव्हती ती. हा रकाना गावभर कशासाठी फिरतोय ते तिच्या कानावर आलं होतं. “आये,” ती म्हणाली. “आये म्हणता तो तिका.”

एक शब्द. तेवढ्याने सगळं जुळत होतं. विनीताच्याच नियमाने आंघोळी तिच्या, घास तिचे, कुर्लीची गोष्टसुद्धा तिची. चार वर्षं जे मागत होती ते समोर आलं होतं. फक्त ते रुक्मिणीच्या हातून आलं होतं, उरलेलं दारात आलेल्याला वाढतात तसं. विनीताच्या अंगाची लाही लाही झाली.

“खोटा सांगता ती,” ती म्हणाली. “माका काकी म्हणता तो. काकी लिही, रिशेल.”

“विनीता, ऱ्हवांदे गो,” रुक्मिणी म्हणाली. “काय फरक पडता?”

“तुका नाय पडाचो. तुका सगळा गावला. आता वरसून माका भीक घालू नको.”

असं कुणी कुणाला बोलू नये. पण बोलून गेली खरी. रुक्मिणीने खाली बघून पुढचा बांगडा घेतला. रिशेलने रकान्यात ‘काकी’ लिहिलं, आणि वरच्या चारही खुणा ‘आई’वरून ‘इतर मोठी बाई’वर गेल्या. विनीताने स्वतः उभं राहून बघितल्या. त्यानंतर बैठकीपर्यंत दोघी जावा एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. स्वरूप मात्र दोघींच्या मधून धावत होता, त्याला कशाचा पत्ता नव्हता.

जामसंड्याच्या बैठकीला तालुक्यातल्या पन्नासेक सेविका, पर्यवेक्षिका आणि मोठे साहेब होते. रिशेलने पडद्यावर आधी देशाचे आकडे दाखवले, मग जिल्ह्याचे, मग मिठबावची तीस घरं. नुसतं उत्तर धरलं तर आई अकरा घरांत. हाकेचा रकाना धरला तर सत्तावीस. सभागृहात कुजबुज झाली, मग हशा, मग टाळ्या. प्रत्येकीला आपल्या वाडीतली एखादी काकी आठवली असणार. ही सूचना मिठबावच्या सेविका विनीताताईंची, असं रिशेलने सांगितलं तेव्हा सगळ्या वळून बघायला लागल्या. साहेबही मान डोलवत म्हणाले की मग ते शनिवारचे वर्ग आपण तूर्त बाजूला ठेवू. एवढ्यावर थांबलं असतं तर दिवस छान गेला असता.

पण साहेबांची नजर तक्त्यावर होती. उरलेल्या तीन घरांपैकी दोन घरांत आजी सगळं करत होती, ते त्यांना पटलं. तिसऱ्या घरापाशी ते अडले. इथे तर उलटंच झालंय, ते म्हणाले. आधी आई होती ती रकाना लावल्यावर इतर झाली. सगळ्या गावाचा रकाना एका बाजूला आणि हे घर दुसऱ्या बाजूला.

“भरताना गोंधळ झाला असेल,” ते रिशेलला म्हणाले. “ते एक घर काढून टाका. एकोणतीस ठेवा. चित्र स्वच्छ दिसेल.”

रिशेलने विनीताकडे बघितलंसुद्धा नाही. घर कुणाचं ते तिने सांगायचं नव्हतं, आणि ती सांगणारही नव्हती. ती फक्त म्हणाली की नोंद आम्ही नीट तपासली आहे. साहेब म्हणाले, अहो, तिसांत एखादी चूक व्हायचीच.

विनीताने नुसतं बसून राहायचं होतं. आणखी काही करायची गरज नव्हती. ते घर गेलं असतं, तिची इतर गेली असती, कौतुक राहिलं असतं. आणि घरात दुसरी आई होती हे कुठे, कुठल्याही कागदावर उरलं नसतं. हेच तर तिला हवं होतं ना? पण चूक हा शब्द तिच्या कानात शिरला आणि तिथेच अडकला. रोज दुपारी घरी येऊन तिने जे बघितलं, ज्यापायी तिने टोप आदळले, ज्यापायी तिला रात्र रात्र डोळा लागला नाही, ती म्हणे भरताना झालेली चूक! ज्याचा आपण चार वर्षं हेवा केला ते नव्हतंच, असं परक्या माणसाने म्हटलेलं तिला सोसेना. ती उभी राहिली.

“साहेब, ती चूक नाही,” ती म्हणाली. “ते घर माझं आहे. तिथे मुलाला आईच न्हाऊ घालते, आईच भरवते, गोष्टही आईच सांगते. फक्त ती आई म्हणजे मी नाही, माझी जाऊ आहे. मी हे चार वर्षं जळत बघतेय. चुकीवर एवढं कोणी जळत नाही, साहेब. ते घर काढू नका.”

कोणी हसलं नाही. शेजारच्या मुणगे गावच्या सेविकेने तिचा पदर हलकेच ओढला, तरी ती उभीच राहिली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले की बरं, मग तीसच राहू द्या.

रिशेलने तिथल्या तिथे तक्त्याखाली एक टीप टाइप केली. अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटत गेली: ‘या घरात इतर मोठी बाई म्हणजे जिला मूल आई म्हणतं ती.’ पन्नास बायका ते मोठ्याने वाचत होत्या. विनीताने ओठ न हलवता दोनदा वाचलं. तिच्या पोटात पुन्हा तीच आग उठली, पहिल्याइतकीच, तसूभरही कमी नाही. हे बरोबर आहे ना, असं रिशेलने तिला सगळ्यांसमोर विचारलं, आणि विनीताने हो म्हणून मान हलवली.